कार्पेंटर मावशींचं माहेर कसं शोधायचं?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही कल्याणच्या शाळेत शिकवता, आनंदीबाई जोशींवर मुलांसाठी पुस्तिका तयार करताय. आनंदीबाईंना १८८३ साली अमेरिकेत स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर, म्हणजे आपल्या 'कार्पेंटर मावशी', मूळच्या कोण, त्यांचे आईवडील कोण, त्यांचं आयुष्य कसं गेलं, हे तुम्हांला लिहायचं आहे. इंटरनेटवरच्या एका वंशवृक्षात माहेरचं आडनाव आणि आईवडिलांची नावं मिळाली, पण खाली पुरावा काहीच जोडलेला नाही. ते छापावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

लगेच छापू नका. त्या वंशवृक्षातलं नाव खरं असेलही. पण ते खरं आहे हे आज तुम्हांला माहीत नाही, आणि बहुधा ज्यांनी ते तिथं टाकलं त्यांनाही नाही. मी गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत राहतो. त्यांतली चौदा वर्षं अमेरिकन कुटुंबांची जुनी कागदपत्रं शोधण्याच्या कामात गेली, आणि सगळ्यांत जास्त वेळ बायकांच्या शोधात गेला. म्हणून नाव आयतं देण्याऐवजी तिथवर कसं पोचायचं आणि पोचल्यावर ते कसं तपासायचं, हे सांगतो.

तुम्हांला वाटतंय, अडचण नाव सापडत नाही ही आहे. नाव तर तुम्हांला सापडलंय. अडचण वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कागदांत एक बाई म्हणजे दोन माणसं असतात. एक बापाच्या घरातली मुलगी, थिओडिसिया अमुकअमुक. लग्नाच्या दिवशी ती कागदांवरून नाहीशी होते. दुसरी मिसेस बी. एफ. कार्पेंटर. नावही नवऱ्याचं, अद्याक्षरंही नवऱ्याची. ही बाई जणू लग्नाच्या दिवशीच जन्माला येते. या दोघी एकच, हे सिद्ध करणारा कागद शोधणं म्हणजे हे सगळं काम. पुष्कळदा असा कागद एकच असतो.

आनंदीबाईंच्या बाबतीत हे बरोबर उलटं झालं होतं. त्यांचं माहेरही जोशी आणि सासरही जोशी. बदललं ते पहिलं नाव. कल्याणची यमुना गोपाळरावांच्या घरी आनंदी झाली. एखादा परदेशी माणूस फक्त 'यमुना'चा माग काढत बसला तर ती मुलगी लहानपणीच वारली असं समजून तो थांबेल. अमेरिकेतल्या शोधात आपलं नेमकं हेच होतं, फक्त तिथं नाव टिकतं आणि आडनाव जातं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. लग्न कोणत्या राज्यात झालं, घराणं कोणत्या चर्चचं होतं, वडील गेले तेव्हा त्यांच्या नावावर जमीनजुमला होता का, मुलं कुठं जन्मली, या चार गोष्टींवर तुमचं काम दोन महिन्यांत होईल की दोन वर्षांत, ते ठरेल. बापाकडे मालमत्ता असेल तर मुलीचं नाव कुठंतरी येतंच, कारण वाटणी करावी लागते. बाप भूमिहीन मजूर असेल, तर मुलीला शोधणं फार जड जातं.

शोधाची दिशा मात्र नेहमी एकच असते: मृत्यूपासून मागं. जन्मापासून पुढं येणारा माणूस हमखास फसतो, कारण त्याच नावाच्या मुली चार गावांत चार असतात आणि मनात आधीच एकीला पसंत केलेलं असतं. आपल्याला पक्कं काय माहीत आहे? १८८० ते ८७ या काळात ही बाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहत होती. नवऱ्याची अद्याक्षरं बी. एफ. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची: २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई गेल्या, त्यांची रक्षा मावशींकडे पाठवली गेली, आणि मावशींनी ती न्यू यॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. आपले लोक तिथं जातात, दगडापुढं हात जोडतात, फोटो काढतात. पण वंशावळीचा अभ्यासक तिथं उभा राहिला तर पहिला प्रश्न असा विचारेल: राहणं न्यू जर्सीत, मग जागा पोकिप्सीत का? 'कुटुंबाची जागा' म्हणजे कुणाच्या कुटुंबाची, सासरची की माहेरची?

अमेरिकेतल्या अशा मोठ्या दफनभूम्यांत जागा तुकड्या-तुकड्यांनी विकत घेतलेली असते. आपल्याकडे सातबारा असतो तशी तिथल्या कार्यालयात प्रत्येक तुकड्याची नोंद असते: कुणी घेतला, कोणत्या साली, पुढं कुणाच्या नावावर गेला, आत कोण कोण पुरलेलं आहे, कुठल्या तारखेला. दगडावर जितकं कोरलेलं असतं त्याहून नोंदवहीत जास्त असतं. दगड नसलेली बाळंसुद्धा तिथं सापडतात. जागा घेणाऱ्याचं आडनाव कार्पेंटर नसेल, तर ते आडनाव तुमच्या वंशवृक्षातल्या नावाशी जुळतं का ते पाहायचं. जुळलं तरी हा पुरावा नव्हे, हा रस्ता दाखवणारा फलक. जागा मामाची असू शकते, मेहुण्याचीही असू शकते.

दगडावरच्या शब्दांबद्दल एक सांगून ठेवतो. जुन्या अमेरिकन थडग्यांवर बाईच्या नावापुढं कधी 'कॉन्सॉर्ट' कोरलेलं असतं, कधी 'रेलिक्ट'. पहिल्याचा अर्थ नवरा हयात असताना गेलेली बायको, म्हणजे आपली सवाष्ण. दुसऱ्याचा अर्थ मागं राहिलेली विधवा. नवऱ्याची मृत्यूची तारीख ठाऊक नसेल तर या एका शब्दावरून ती बायकोच्या आधीची की नंतरची, ते कळतं.

आता नावाकडे येऊ. थिओडिसिया हे नाव विरळ आहे, हे तुमचं भाग्य. मेरी किंवा सेरा असती तर मी तुम्हांला धीर धरायला सांगितला असता. पण विरळ नावाला दुसरी बाजूही असते: लिहिणारा ते कानावर पडेल तसं लिहितो. थिओडोशिया हे रूप जास्त रुळलेलं, म्हणून लेखनिकाचा हात तिकडे वळणार. डोशिया, डोशा अशी घरगुती रूपं असतात. संगणकावर शोधताना पहिली चार-पाच अक्षरं आणि पुढं तारांकन (*) टाका, म्हणजे थिओडिसिया, थिओडोशिया अशी रूपं एकदम येतील; डोशिया, डोशा मात्र वेगळं शोधा. तिच्या आईचा, आजीचा शोध घ्याल तेव्हा हे आणखी लागेल. तिथल्या जुन्या पिढीत पॉली म्हणजे मेरी, पॅटी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सेरा, नॅबी म्हणजे अबिगेल, पेगी म्हणजे मार्गारेट. लग्नाच्या नोंदीत पॉली आणि मृत्युपत्रात मेरी दिसली की नवखे लोक दोन बायका धरतात. आपल्याकडे घरात बाळू आणि दाखल्यावर पांडुरंग असतो, तसंच ते.

जनगणनेच्या नोंदींकडे सगळे पहिल्यांदा धावतात, आणि त्या फुकट पाहायला मिळतात हेही खरं. पण प्रत्येक दशकाची जनगणना वेगळी आहे, हे समजून घ्या. १८४० पर्यंतच्या केंद्रीय जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असतं. बायका आणि मुलं म्हणजे वयोगटांच्या रकान्यातले नुसते आकडे. १८५० पासून गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचं नाव येतं, पण कर्त्याशी नातं लिहिलेलं नसतं. त्यामुळं १८५० मध्ये एखाद्या घरात थिओडिसिया नावाची मुलगी दिसली तर ती मुलगी, पुतणी, भाची की कामाला ठेवलेली पोर, हे त्या पानावरून ठरत नाही. नातं पहिल्यांदा १८८० च्या केंद्रीय जनगणनेत येतं, आणि त्याच वर्षी आईचं व वडिलांचं जन्मराज्य असे दोन रकाने येतात. हे दोन रकाने तुमच्यासाठी चाळणीसारखे आहेत. वंशवृक्षातला बाप कनेटिकटचा आणि १८८० मध्ये मावशींच्या नावापुढं वडिलांचं जन्मस्थान न्यू यॉर्क, असं निघालं तर तिथंच थांबून विचार करायचा. मात्र जनगणनेला उत्तरं कुणी दिली हे त्या कागदावर नसतं. शेजारणीनंही दिली असतील.

१८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली, आणि उरलेले भिजलेले गठ्ठे पुढं नष्ट केले गेले. म्हणून १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची दरी राहते. १९०० मध्ये मात्र बायकांसाठी दोन अमूल्य रकाने आहेत: किती मुलांची आई, आणि त्यांतली हयात किती. एखाद्या बाईपुढं 'आठ, तीन' असं वाचलं की मी अजूनही क्षणभर थांबतो.

न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांनी स्वतःच्याही जनगणना केल्या, आणि त्या विसरू नका. न्यू यॉर्कची १८५५ ची फार चांगली आहे: घरच्या कर्त्याशी नातं, जन्माची काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि या गावात किती वर्षं राहतो. म्हणजे केंद्रानं १८८० मध्ये विचारलं ते न्यू यॉर्कनं पंचवीस वर्षं आधी विचारलं. १८६५ मध्ये बायकांना किती मुलं झाली आणि लग्नं किती झाली, हेही विचारलं आहे. पोकिप्सी ज्या डचेस काउंटीत आहे तिथं ही मुलगी लहानपणी होती का, हे पाहायला याहून चांगला कागद नाही. न्यू जर्सीची १८८५ ची नोंद त्यामानानं कोरडी, वयाऐवजी वयोगट. पण घरात त्या वर्षी कोण कोण होतं, ते नावानिशी कळतं.

इथं एक खाच आहे, तिथं पुष्कळजण अडतात. तुम्ही १८८० च्या जनगणनेत 'रोझेल' शोधाल आणि काही सापडणार नाही. रोझेल हे स्वतंत्र बरो, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं गाव, झालं डिसेंबर १८९४ मध्ये. त्याआधी तो भाग बहुतांशी लिंडन टाउनशिपमध्ये मोडत होता. म्हणून लिंडन उघडा. युनियन काउंटीसुद्धा १८५७ साली एसेक्समधून काढलेली, म्हणजे त्याआधीचे दस्त एसेक्सच्या दप्तरात. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. शंभर वर्षांनी कुणी डहाणूचा जुना कागद शोधेल तेव्हा त्याला हे ठाऊक असावं लागेल.

इतक्यात हाती काय आलं ते पाहा. दफनभूमीतून एक आडनाव, १८८० मधून आईवडिलांची जन्मराज्यं, १८५५ मधून एका घरात त्या नावाची मुलगी. तिन्ही एकमेकांना पूरक असतील. तरीही दोघी एकच हे अजून सिद्ध झालेलं नाही. तो सांधा पुढच्या कागदांत मिळतो.

माझा सगळ्यांत जास्त विश्वास वारसा-न्यायालयाच्या कागदांवर आहे. न्यू यॉर्कमध्ये त्याला सरोगेट कोर्ट म्हणतात, आणि डचेस काउंटीचं ते पोकिप्सीतच आहे. सगळेजण मृत्युपत्र मागवतात आणि निराश होतात, कारण मृत्युपत्रात बाप 'माझी मुलगी थिओडिसिया' एवढंच लिहून मोकळा होतो. मृत्युपत्र मागवू नका, अख्खी फाईल मागवा. न्यू यॉर्कमध्ये १८३० पासून मृत्युपत्र सिद्ध करायच्या अर्जात जवळच्या सगळ्या वारसांची नावं आणि राहण्याची ठिकाणं द्यावी लागत, कारण प्रत्येकाला नोटीस पोचवायची असे. लग्न झालेल्या मुलीचं नाव तिथं सासरच्या आडनावानं, कधी नवऱ्याच्या नावासकट, गावासह येतं. बापाच्या अर्जात मुलींमध्ये 'थिओडिसिया कार्पेंटर, राहणार रोझेल, न्यू जर्सी' अशी ओळ मिळाली, की माहेर आणि सासर एका ओळीत जोडलं गेलं. बाप फार आधी गेला असेल तर आईची फाईल पाहा. आई नसेल तर अविवाहित भावाची किंवा मावशीची. निपुत्रिक माणसाची फाईल म्हणजे आमच्या धंद्यात सोनं, कारण त्याचे वारस म्हणजे भावंडं, भाचे, पुतणे, सगळे नावानिशी लिहावे लागतात.

दुसरे कागद जमिनीचे. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा 'डॉवर' नावाचा हक्क असे. तो गेल्यावर एक-तृतीयांश हिश्श्याचा उपभोग तिला हयातभर मिळे. म्हणून जमीन विकताना बायकोलाही हक्क सोडल्याची सही करावी लागे, आणि अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत असे: ही सही तू धाकानं तर करत नाहीस ना? तसं विचारल्याचं त्या दस्ताखाली लिहिलेलं असतं. अशी शेकडो वाक्यं मी वाचली असतील. ठराविक कायदेशीर मजकूर आहे, पण कित्येक बायकांच्या बाबतीत त्यांना एकटीला काही विचारल्याची तेवढीच एक नोंद उरलेली आहे.

या दस्तांचा आपल्याला उपयोग असा. नवऱ्यानं वीस वर्षांत सहा वेळा जमीन विकली तर सहा तारखांना बायकोचं नाव मिळतं, आणि मध्येच नाव बदललं तर दुसरी बायको आली हे कळतं. बाप वारल्यावर सगळ्या भावंडांनी मिळून जमीन विकली असेल, तर मुली आणि जावई सगळे एका खरेदीखतावर असतात. न्यू यॉर्कनं १८४८ मध्ये आणि न्यू जर्सीनं १८५२ मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा हक्क दिला. त्यानंतर जमिनीच्या कागदांत बाया स्वतःच्या नावानंही दिसू लागतात.

पूर्वी हे दस्त पाहायला काउंटीच्या कचेरीत जावं लागे. आता फॅमिलीसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रती आहेत, आणि २०२४ पासून तिथं हस्तलिखितांचा मजकूर यंत्रानं वाचून शब्दानं शोधण्याची सोय झाली आहे. खातं विनामूल्य आहे. ज्या बायकांची नावं कुठल्याही सूचीत नव्हती, कारण सूची फक्त विकणाऱ्या पुरुषाच्या नावानं बनायची, त्या आता मजकुरातून वर येतात. 'कार्पेंटर', 'रोझेल', 'थिओ' आणि तारांकन असं टाकून डचेस आणि युनियन दोन्ही काउंट्यांत शोधा. यंत्र वाचण्यात चुका करतं, म्हणून मूळ पान उघडून डोळ्यांनी वाचल्याशिवाय काहीही उतरवून घेऊ नका.

लग्नाची नोंद सरळ मिळाली तर उत्तमच. पण न्यू यॉर्कमध्ये राज्यभर जन्म, लग्न, मृत्यू नोंदवणं १८८० च्या सुमारास सुरू झालं. त्याआधीचं लग्न चर्चच्या वहीत किंवा वर्तमानपत्रात. न्यू जर्सीनं ही नोंदणी मे १८४८ पासूनच सुरू केली होती, म्हणून मावशींचं एखादं मूल न्यू जर्सीत जन्मलं असेल तर त्याची नोंद ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात मागा. मुलाच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असू शकतं, आणि ते सांगताना आईबाप स्वतः घरात असतात, म्हणून त्याला वजन आहे. मृत्यूच्या दाखल्याला तेवढं नाही. तिथं आजीचं माहेर शोकात असलेला नातू सांगत असतो.

चर्चच्या बाबतीत पोकिप्सीचा परिसर वेगळा आहे. मूळ डच वस्तीचा भाग. जुन्या डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं नाव माहेरच्या आडनावानं लिहायची पद्धत होती, आणि साक्षीला बहुतेकदा आजीआजोबा किंवा काकामामा उभे असत. मावशींच्या आधीच्या दोन पिढ्यांसाठी ही वही फार मोठा आधार होऊ शकते. त्याच भागात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोकही पुष्कळ. त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर हजर असलेले सगळे सह्या करत, म्हणजे अख्खं गणगोत एका कागदावर. कोणत्या चर्चची वही उघडायची हे घराण्यावर अवलंबून.

वर्तमानपत्रांबद्दल एकच युक्ती सांगतो, पण ती लक्षात ठेवा. 'थिओडिसिया' शोधू नका, 'मिसेस बी. एफ. कार्पेंटर' शोधा. पोकिप्सीच्या पत्रांतल्या स्थानिक वार्तांत 'रोझेलच्या मिसेस बी. एफ. कार्पेंटर भावाकडे आल्या आहेत' अशा धर्तीच्या दोन ओळी असतात, आणि त्या भावाचं आडनाव म्हणजे तुमचं उत्तर. भावंडांच्या मृत्युलेखातही बहिणी नवऱ्याच्या नावानंच येतात.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुम्हीही त्याच वळणावर उभ्या आहात. पाच-सहा वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका कुटुंबासाठी मी एका मेरीचं माहेर शोधलं. नवऱ्याच्या नावावर आठ मुलं, जनगणनेत बायको मेरी, मृत्युपत्रात 'माझी पत्नी मेरी', सगळं नीट जुळत होतं. मेरीचे आईवडील, आजीआजोबा, तीन पिढ्या मी लिहून दिल्या. नंतर गावाबाहेरच्या एका लहान दफनभूमीतल्या दगडाचा फोटो हाती आला: त्याच नवऱ्याची 'कॉन्सॉर्ट' मेरी, पाचव्या मुलाच्या जन्मानंतर दहा दिवसांनी गेलेली. दुसरी बायकोही मेरीच होती. माझं गिऱ्हाईक तिसऱ्या मुलाचं वंशज, आणि मी त्यांना दिलं होतं त्यांच्या सावत्र पणजीचं माहेर. त्यांनी ते छापून नातेवाइकांत वाटलं होतं. मी पैसे परत केले, पण वाटलेल्या प्रती परत आल्या नाहीत. आज तीच चूक तीन ऑनलाइन वंशवृक्षांत आहे, आणि तिघेही एकमेकांचा आधार देतात.

तेव्हापासून मुलांच्या जन्मांत चार वर्षांची पोकळी दिसली की मी थांबतो. मावशींच्या बाबतीतही हे करा. मुलींच्या जन्मतारखा आणि लग्नाचं वर्ष समोरासमोर ठेवा. आणि एका चुकीच्या वंशवृक्षाच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे होत नाहीत, हे मनाशी पक्कं ठेवा.

मग किती पुरावा पुरे? माझा नियम असा की स्वतंत्रपणे तयार झालेले निदान दोन कागद एकच गोष्ट सांगणारे हवेत, त्यांतला एक तरी मावशींच्या जवळच्या माणसानं, त्यांच्या हयातीत दिलेला हवा, आणि विरुद्ध बोलणारा कागद असेल तर तो का विरुद्ध बोलतो याचं समाधानकारक उत्तर हवं. दफनभूमीची नोंद आणि बापाच्या फाईलमधला वारसांचा अर्ज जुळले, तर मी निर्धास्त छापेन. नुसती दफनभूमी आणि १८५५ ची जनगणना असेल तर 'बहुधा' हा शब्द घालून छापेन.

हे झालं कुळाचं. आयुष्याचं काय? इथं तुम्ही इतरांपेक्षा नशीबवान आहात. १८८० च्या जनगणनेत घर चालवणाऱ्या लाखो बायकांच्या धंद्याच्या रकान्यात 'कीपिंग हाउस' एवढे दोनच शब्द आहेत. मावशींच्या बाबतीत त्या दोन शब्दांच्या आत काय चालत होतं ते आपल्याला पत्रांतून कळतं, आणि ती पत्रं एका मराठी मुलीनं लिहिलेली आहेत. कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ साली बॉस्टनहून आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र काढलं, त्यात मावशींना लिहिलेल्या पत्रांतले उतारे आहेत. ते वाचताना पत्रातला मजकूर आणि चरित्रकर्तीचं निवेदन वेगवेगळ्या रंगांनी खुणा करून वेगळे ठेवा. पत्र त्या दिवशीचं असतं, निवेदन मागाहूनचं. फिलाडेल्फियाला ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात महिला वैद्यकीय महाविद्यालयाची कागदपत्रं आहेत. आनंदीबाईंचा जून १८८३ चा प्रवेशासाठीचा अर्जही तिथंच. तिथं 'कार्पेंटर' नावानं काय आहे ते विचारा.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. मावशींनी गोपाळरावांचं पत्र १८८० मध्ये दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना एका मिशनरी मासिकात वाचलं, ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे. ते मासिक प्रिन्स्टनहून रॉयल वाइल्डर काढत, आणि ते आधी आपल्या कोल्हापुरात मिशनरी होते. यावरून पुष्कळ लोक लिहून टाकतात की मावशी कट्टर मिशनरी वळणाच्या होत्या. पण ते मासिक दंतवैद्याकडे होतं. त्यावरून कळलंच तर दंतवैद्याच्या आवडीबद्दल काही कळेल. मावशींचा धर्मविचार त्यांच्या पत्रांतूनच काढायला हवा.

आणि मुलांच्या पुस्तिकेत एक गोष्ट जरूर घाला, ती पक्की आहे. १९ जानेवारी १८८३ ला रोझेलमध्ये एडिसनच्या लोकांनी खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावले; अशा तारांवरून उजळलेलं ते पहिलं गाव. त्यानंतर साधारण साडेचार महिन्यांनी आनंदीबाई तिथं पोचल्या. मावशींच्या घरात तेव्हा वीज होती असं मात्र लिहू नका, त्याला कागद हवा.

पहिलं काम, पोकिप्सीच्या दफनभूमीच्या कार्यालयाला पत्र. आनंदीबाईंची रक्षा ज्या तुकड्यात आहे तो कुणी घेतला, कोणत्या साली, आत कोण कोण आहे, आणि नोंदवहीच्या पानाची प्रत मिळेल का, एवढंच विचारा. वंशवृक्षातलं नाव त्यांना सांगू नका. सांगितलं की समोरचा माणूस तेच शोधून देतो. उत्तर येईपर्यंत १८८० चं लिंडन पाहून ठेवा. तुकडा घेणाऱ्याचं नाव कळलं की इथं लिहा, सरोगेट कोर्टाची सूची आपण दोघं मिळून चाळू. पुस्तिका त्याआधी छापखान्यात जाणार असेल तर 'न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिसिया कार्पेंटर' एवढंच छापा, आणि माहेरच्या नावासाठी पुढच्या आवृत्तीत एक ओळ राखून ठेवा.